कोह अंकलचं अळू

सिंगापुरात मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या बँकेत?" बँकेत नाही म्हटलं की दुसरा, "मग आयटी ना?" दोन्हींना मी नकार दिला की समोरचा गोंधळून चिवड्याची डिश पुढे करायचा. पुढे पुढे मी "लँडस्केपिंग" असं सांगायला शिकलो. "बिल्डिंगखालच्या भाज्या बघतो" म्हटलं की लोक माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघायचे. माधवी, माझी बायको, खरोखरच बँकेत होती. आम्ही इथे आलो ते तिच्या नोकरीवर आणि तिच्या वर्क पासवर. माझ्यापाशी कोकणातल्या कृषी महाविद्यालयाची पदवी होती आणि भरपूर मोकळा वेळ होता. सेरंगूनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सहा महिने पोळ्या लाटून झाल्यावर मी एका छोट्या कंपनीत पर्यवेक्षक म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो.

काम काय, ते आधी सांगतो. इथे बहुतेक लोक सरकारी इमारतींत राहतात. बऱ्याच इमारतींच्या पायथ्याशी कुंपण घातलेला एक तुकडा असतो. रहिवासी तिथे भेंडी, मिरच्या, गवती चहा, पपया लावतात. जमीन सरकारची आणि कष्ट रहिवाशांचे. भांडणं मात्र सर्वांची. बेडोक भागातल्या अशा डझनभर बागांवर आमच्या कंपनीची देखरेख होती. आठवड्यातून एकदा प्रत्येक बागेत जायचं, कीड बघायची, खताचा ढीग उलटायचा, कुठे पाणी साठलंय का ते पाहून कागदावर खुणा करायच्या. ही माती भरावाची. पाऊस पडला की लोणी आणि ऊन पडलं की वीट. तिच्यात काही उगवून दाखवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं माणसांचं, आणि कॉलेजात तो विषय नव्हता.

एका बाईंच्या मिरच्या चोरीला जायच्या, म्हणून त्यांनी बुटाच्या खोक्याला काळा रंग देऊन कॅमेरा केला आणि वाफ्यावर टांगला. चोरी थांबली. पुढच्या आठवड्यात खोकंच चोरीला गेलं. बुकित तिमाहच्या एका बंगल्यातल्या आपल्याच बाईंना कुंडीत हापूस हवा होता, तोही मुलांच्या जूनच्या सुट्टीत धरणारा. त्यांना नाही म्हणायला मला तीन भेटी लागल्या. चौथ्या भेटीत त्यांनी विचारलं, "बरं, मग पायरी?"

पण लिहायला बसलो की मला आठवतात ते कोह अंकल.

बेडोकच्या एका बारा मजली इमारतीखालच्या बागेचे ते अनभिषिक्त राजे होते. अध्यक्ष दुसरेच कुणीतरी होते, पण ते अध्यक्षसुद्धा अंकलना विचारून फाटक उघडायचे. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगात जाळीचा बनियन, पायांत काही नाही. तरुणपणी बापाबरोबर शेती आणि डुकरं. शेत घरबांधणीसाठी गेल्यावर निवृत्त होईपर्यंत बस चालवली. पहिल्याच भेटीत मी त्यांना मातीचा आम्लतेचा आकडा सांगितला. त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली आणि तोच आकडा बोटांवर दाखवला. तेव्हापासून मी "प्रोफेसर" झालो. ही पदवी त्यांनी प्रेमाने दिलेली नव्हती.

बागेच्या सखल कोपऱ्यात पाणी मुरायचं नाही. तिथे अंकलनी चिखलाचा वाफा करून अळू लावलं होतं. माझ्या छातीपर्यंत येणारी पानं, जांभळट देठ. हे त्यांच्या बापाच्या शेतातलं अळू. शेत सोडताना दोन गड्डे गोणपाटात बांधून आणले, फ्लॅटच्या कॉरिडॉरमध्ये कुंड्यांत वर्षानुवर्षं जगवले आणि बाग झाल्यावर जमिनीत उतरवले. त्यांना हवा असायचा गड्डा. त्यांच्या तिओच्यू चिनी लोकांत गड्डा वाफवून, वाटून, साखर आणि चरबी घालून शिऱ्यासारखा गोड पदार्थ करतात. देठ जायचे मकचिक झैनाबकडे. मकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी. त्या शेजारच्या वाफ्यात गवती चहा लावायच्या आणि देठांचं आंबट-तिखट कालवण करायच्या. पानं कुणालाच नको असायची. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा अंकलनी विचारलं, "डुकरं पाळतोस?"

"खायला," मी म्हटलं.

त्यांनी मकचिककडे पाहिलं. दोघांचं गवती चहाच्या हद्दीवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं, तरी त्या क्षणी दोघं एकत्र हसले.

त्या अळूची वडी माधवीने केली, आणि काय सांगू? चिंच न घालताही घशाला खाज नाही. पान जिभेवर ठेवताच विरघळावं. मी अंकलकडे अळूचं एक पिल्लू, म्हणजे कडेला फुटलेलं रोप, मागितलं. ते म्हणाले, "आधी एक वर्ष नुसता बघ. मग देईन."

मग डेंगीचं वर्ष आलं. सगळ्या बेटावर साथ होती, लिफ्टमध्ये सूचना लागल्या होत्या. त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शर्वरी राहायची. मूळची पुण्याची, एका कंपनीत मॅनेजर, गणपतीत आमची ओळख झालेली. तिची आठ वर्षांची मुलगी इरा तापाने हॉस्पिटलात गेली. प्लेटलेट्स उतरत होत्या. त्याच आठवड्यात डासांच्या तपासणीला एक तरुण अधिकारी बागेत आला. त्याने पळीने चार-पाच ठिकाणचं पाणी घेतलं, नमुन्याच्या एका नळकांड्यात अळ्या दिसल्या, त्याने कोपऱ्याकडे हात केला आणि सांगितलं की नमुना प्रयोगशाळेत जाईल, लेखी अहवाल नंतर येईल, तोवर साठलेलं पाणी काढून टाका.

कोपऱ्याकडे म्हटल्यावर सगळ्यांनी बघितलं ते अळूकडे. चिखल दिसत होता, पानांच्या बेचक्यांत पाणी दिसत होतं. आणखी काय हवं?

संध्याकाळी शर्वरी हॉस्पिटलातून कपडे न्यायला आली तेव्हा मी फाटकापाशीच होतो. दोन दिवसांत तिचा चेहरा उतरला होता. ती ओरडली नाही. म्हणाली, "काका, इंग्लिशमध्ये तक्रार करायची तर मी वर लिहीन. तुम्हाला मराठीत विचारते. तुम्ही दर आठवड्याला इथे येता. तुम्हाला ते डबकं दिसलं नाही?"

दिसलं होतं. दर आठवड्याला कागदावर मी 'ठीक' अशी खूण करत होतो, पण अंकलच्या वाफ्यात उतरून कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या वाफ्यात पाय ठेवला तर शिव्या खाव्या लागत. शिव्या चुकवण्यासाठी मी खूण करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कामगार घेऊन गेलो. अंकल वाफ्यातच उभे होते. मी सगळं समजावून सांगितलं. डासाचं जीवनचक्रही सांगितलं. प्रोफेसर ना मी. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "नक्की इथेच?"

"नक्की," मी म्हटलं.

त्यांनी कामगारांना हात लावू दिला नाही. स्वतः एकेक रोप हलवून, मुळं मोकळी करून उपटलं आणि ओळीने निजवून ठेवलं. गड्डे अजून लिंबाएवढेच होते. दोन तास लागले. मकचिक येऊन देठ घेऊन गेल्या, म्हणाल्या, टाकण्यापेक्षा पोटात गेलेलं बरं. बाकी सगळं पिशव्यांत भरून आम्ही कचऱ्याच्या गाडीत घातलं आणि चिखलावर कोरडी माती ओतली. अंकल घरी गेले. पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ते बागेत नव्हते. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नव्हते.

इरा घरी आली, बरी झाली. ही या हकिगतीतली सर्वांत मोठी गोष्ट. ती नीट झाली म्हणूनच बाकीचं मी हसत सांगू शकतो.

त्यानंतर अहवाल आला. अळ्या अळूत सापडलेल्या नव्हत्या. त्या सापडल्या होत्या अळूशेजारच्या पिंपाच्या झाकणाच्या खाचेत.

ते पिंप माझं होतं. म्हणजे मीच बसवलेलं. पावसाचं पाणी साठवायचं, बागेला घालायचं, अशी माझी योजना. वर जाळी, जाळीवर झाकण, झाकणावर माझ्या हाताने लिहिलेली सूचना. आतलं पाणी स्वच्छ होतं. पण झाकणाच्या कडेला गोल खाच होती आणि तिच्यात बोटभर पाणी साठायचं. वर्षभर मी त्या पिंपाशेजारी उभा राहून लोकांना साठलेल्या पाण्यावर भाषणं दिली होती.

कंपनीतल्या साहेबांनी पिंप हलवायला सांगितलं आणि फाईल बंद केली. रहिवाशांना कळवायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, कुणी विचारलंय का? कुणी विचारलं नव्हतं. मलाही ते सोयीचं वाटलं. चार दिवस मी ती सोय भोगली.

आता इथे आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. अंकलनी सांगितलेलं ते एक वर्ष मी थांबलो नव्हतो. सहा महिन्यांपूर्वी, अंकल दुपारचे जेवायला गेले असताना, मी कडेचं एक पिल्लू चाकूने सोडवून घेतलं होतं. माधवीने वाढदिवसाला दिलेल्या लॅपटॉपच्या बॅगेत ते घालून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बेडोकहून सेरंगूनला आणलं होतं. आपल्याकडे म्हणतात, चोरून आणलेलं रोप जोमाने वाढतं. पाचव्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या खिडकीशेजारी, ते चांगलं फोफावलं होतं.

पाचव्या दिवशी माधवी त्याला पाणी घालता घालता म्हणाली, "आता हे एकच उरलंय, नाही का रे? त्या म्हाताऱ्या माणसाच्या वडिलांचं?" आणि घरात निघून गेली. एवढं बोलून ती ऑफिसातल्या लोकांनाही रडवायची, असं ऐकून होतो.

रविवारी सकाळी मी कुंडी बाजाराच्या ट्रॉलीत उभी केली आणि निघालो. छातीएवढ्या अळूला गाडीत बसायला जागा लागते. एका आजीने उठून त्याला जागा दिली.

अंकलच्या दारात मी आधी पिंपाचं सांगितलं. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. मग कुंडीचं सांगितलं. तेव्हा ते बाहेर आले, खाली वाकले, पान उलटं करून पाहिलं, देठ दाबून पाहिला.

"पाणी कमी घातलंस," ते म्हणाले.

"हो."

"मी एक वर्ष सांगितलं होतं. किती महिने थांबलास?"

"सहा."

"चोर पण घाईचा." ते आत गेले आणि कुदळ घेऊन आले. बागेत पोचल्यावर म्हणाले, "प्रोफेसर, चप्पल काढ."

कोकण सोडल्यापासून माझे पाय चिखलात गेले नव्हते. त्या सकाळी अंकल कडेला बसले आणि मला हुकूम सोडत राहिले. ओतलेली कोरडी माती काढ. खोल. आणखी खोल. पाठ दुखते? छान. मला मध्येच आमच्या परसातलं अळू आठवलं. मोरीचं पाणी जिथून वाहून जायचं तिथेच ते असायचं. वाहतं पाणी, साठलेलं नाही. मी अंकलना सांगितलं की वाफ्याला एका बाजूला उतार देऊ, वरून थोडं पाणी सोडू आणि खालून गटारात जाऊ देऊ. चिखल राहील, पण डबकं होणार नाही. अंकल म्हणाले, "हे तू आधी का नाही सांगितलंस? भाषण तेवढं दिलंस."

मी उताराच्या बाजूला कुदळ घातली.

चर आम्ही दोन रविवारांत खणला. मकचिकनी न विचारता आपल्या गवती चहाची वीतभर जागा सोडली, कारण चर तिकडूनच जायला हवा होता. बेचक्यांतलं पाणी रोज सकाळी काठीने पान कलतं करून सांडायचं, हे काम अंकल आणि मकचिकनी वाटून घेतलं. वाटून घ्यायचं म्हणजे बोलावं लागतं. पहिल्या दिवशी दोघं माझ्यामार्फत बोलले. मग मी आठवड्यातून एकदाच येत असल्यामुळे त्यांचा नाइलाज झाला. तो तरुण अधिकारी पुन्हा आला, पळी बुडवून बघितली, काही सापडलं नाही. त्याने फक्त मला बजावलं की यापुढे वाफ्यात उतरूनच खूण करायची. मी त्याला माझे पाय दाखवले.

शर्वरीला सांगणं सर्वांत कठीण गेलं. तिच्या बैठकीच्या खोलीत बसून मी पिंपाचं सांगितलं.

"म्हणजे इराला झालं ते त्याच्यामुळे?" शर्वरीने विचारलं.

"माहीत नाही. साथ सगळीकडे होती. पण असू शकेल."

सोफ्यावर पुस्तक वाचत असलेल्या इराने मान वर केली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र शाळेच्या भाषेत यायचं. "सो द याम नेव्हर डू एनिथिंग, आह?" तिने विचारलं. म्हणजे अळूने काहीच केलं नव्हतं तर.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

"देन यू मस्ट से सॉरी टु द अंकल, लाह."

"म्हटलं," मी म्हणालो. शर्वरीने मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. पुढचे दोन-तीन महिने ती मला बघून लिफ्टऐवजी जिन्याने जायची. ते "असू शकेल" माझ्याबरोबर अजून आहे. निवृत्तीच्या भाषणात मी कीटकनियंत्रणाबद्दल एक शब्द बोललो नाही.

एका पिल्लाची पुढच्या वर्षी सात रोपं झाली. पहिला गड्डा निघाला त्या दिवशी इरा खाली आली आणि तिच्यामागून शर्वरी. अंकलनी गड्डा स्वतः ठेवला, देठ मकचिकना दिले आणि पानांचा भारा सरळ शर्वरीच्या हातात ठेवला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, गूळ किती घालता तुम्ही?" आमचं बोलणं असं सुरू झालं. संध्याकाळी तिने वड्यांचा डबा खाली आणला. अंकलनी एक वडी उचलली, सर्व बाजूंनी पाहिली.

"आमच्याकडे हे डुकरांना द्यायचे," ते म्हणाले आणि सहा खाल्ल्या. मग पुढे म्हणाले, "डुकरं हुशार होती."

त्यानंतर चार-पाच वर्षं ती बाग छान चालली. माझ्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी सूचना लागली की इमारतीपासून बसस्टॉपपर्यंत छप्पर असलेली पायवाट होणार आहे आणि ती बागेच्या त्याच कोपऱ्यातून जाईल. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना पावसात भिजावं लागू नये म्हणूनच ती पायवाट होती, आणि आमची निम्मी बाग म्हातारीच होती. बदली जागा पलीकडच्या इमारतीखाली मिळाली. सोमवारी यंत्र येणार होतं. रविवारी सकाळी आम्ही सगळी रोपं मुळांसकट काढली. तोवर इरा माझ्या खांद्याएवढी झाली होती. ती आणि शर्वरी ढकलगाडीच्या खेपा करत होत्या. मकचिक नव्या वाफ्यावर उभ्या राहून कुठलं रोप कुठे ते सांगत होत्या. अंकलनी आता खणणं सोडलं होतं. ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून सगळ्यांच्या चुका काढत होते.

शेवटची खेप पोचवून मी परत आलो तर अंकल स्टुलावर नव्हते. ते रिकाम्या वाफ्यात उतरले होते आणि कुदळीने खड्डे बुजवत होते. ढेकळं फोडून, तण वेचून, कड नीट ओढून घेत होते. एक हात गुडघ्यावर होता.

मी म्हटलं, "अंकल, उद्या इथे काँक्रीट ओतणार आहेत. कोण बघणार आहे?"

त्यांनी आधी उरलेली कड पूर्ण केली. मग कुदळीवर टेकून त्यांनी सांगितलं. शेत सोडायच्या आदल्या संध्याकाळी सामान ट्रकमध्ये भरून झालं होतं, आई चाव्या देऊन बसली होती, आणि बाप खांद्यावर कावड घेऊन वांग्याच्या ओळींना पाणी घालत फिरत होता. सगळ्या ओळींना. आई चिडली, हे वेड कशाला, उद्या सगळं उखडणार आहेत.

"मग?" मी विचारलं.

"बाप म्हणाला, वांग्यांना काय माहीत आपण चाललोय?"

त्यांनी पुन्हा कुदळ उचलली. वाफ्याचा पलीकडचा भाग अजून खडबडीत होता. मी चप्पल काढली, दुसरी कुदळ घेतली आणि त्या टोकाने सुरुवात केली.